चिडून वाढलेले रोडगे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळा दोन प्रकारचा असतो. एक एप्रिलात येतो आणि पाऊस पडला की जातो. दुसरा म्हणजे माझे साडू. ते बारमाही. मोताळ्याहून धामणगाव बढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोणालाही विचारा, एवढा रागीट माणूस त्या मुलखात दुसरा झाला नाही. आणि जे होऊ पाहत होते त्यांनी साडूंना एकदा ऐकलं आणि तो नाद सोडून दिला. थंडीत सूर्य उशिरा उगवतो म्हणून ते सूर्यावर चिडत, उन्हाळ्यात लवकर उगवतो म्हणून चिडत. एसटी उशिरा आली तर कंडक्टरची खैर नसे. पण एकदा ती चुकून वेळेवर आली, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवून जाब विचारला, की तुमच्या उशिरावर भरवसा ठेवून लोक घरून निघतात, त्यांनी आता जायचं कुठं? ड्रायव्हरनं हात जोडले. ती गाडी त्यानंतर पुन्हा वेळेवर आल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. जन्मभर कापसाच्या जिनात फोरमन. सरकीपासून रुई वेगळी करणारी ती यंत्रं एकदा सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाला 'पाणी दे' म्हणायलाही युद्धासारखं ओरडावं लागतं. साडू निवृत्त झाले, यंत्रं मागे राहिली, पण ही बातमी त्यांच्या गळ्याला कोणी कळवली नाही. ते माझ्या कानात गुपित सांगत तेव्हा पलीकडच्या शिवारातल्या तुरीवरची पाखरं उडत. बरं, साडूचं नातं मोठं अवघड. मान द्यावा लागतो. त्यामुळे इतरांना ज्या शिव्या 'अबे'नं सुरू होत, त्या मला अहो-जाहो घालून मिळत. "साडूभाऊ, तुमी अक्कल घरी ठेवून आले काय?" असं ते मला भर बाजारात विचारत, आणि त्यातला मान मोजत बसल्यामुळे मला उत्तर सुचत नसे.

पण त्यांचा खरा राग पाहायचा असेल तर त्यांच्याकडे जेवायला जावं. माझं लग्न नवं होतं तेव्हा पहिल्यांदा गेलो. दुसऱ्या भाकरीनंतर मी ताटावर हात आडवा धरून 'पुरे' म्हणालो. बाकीच्या जगात यजमान यावर 'घ्या हो थोडं' म्हणतो. साडूंनी भाकरीची दुरडी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, की तुमच्या घरी जेवतात का चिमण्यांसारखं दाणे टिपतात? पोरगी दिली ती माणसाच्या घरात दिली ना? मी घाबरून इतका जेवलो, की परतताना माझी सायकल मी ढकलत होतो आणि मला माझी बायको. नंतर कळलं, की हाच त्यांचा आग्रह. तो त्यांच्या तोंडातून येतानाच रागाचे कपडे घालून येई. तालुक्यातले लोक त्यांच्याकडे जेवून रडकुंडीला येत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येत.

आणि रोडगे. रोडगा न खाल्लेल्या दुर्दैवी वाचकासाठी सांगतो: कणकेच्या पुऱ्यांना तेल लावून एकात एक गुंडाळायच्या, मोठ्ठा गोळा करायचा आणि जळत्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. त्या निखाऱ्याच्या रचनेला आम्ही जगरा म्हणतो. रोडगा राख झटकून फोडायचा, तुपात बुडवायचा, बरोबर वरण आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे देवाचा भंडारा असो, नवस असो, जगरा साडूंनीच लावायचा, हा नियम ग्रामपंचायतीनं केलेला नव्हता, पण ग्रामपंचायतीची तो मोडायची हिंमत नव्हती. गोवऱ्यांचा ढीग पुढे आला की ते सोनाराच्या डोळ्यांनी पाहत. ओलसर गोवरी फेकून देत, ती जिच्या घरची असेल तिच्या नावानिशी. एका भंडाऱ्यात सरपंचांनी मदत म्हणून एक गोवरी इकडची तिकडे केली. साडूंनी पूर्ण जगरा मोडला, सरपंचांसकट सगळ्यांना मागे हटवलं आणि पुन्हा पहिल्यापासून रचला. पंगत दोन तास उशिरा बसली. महादेवही ताटकळला असणार, पण तोही बोलला नाही.

असा हा माणूस कॅनडात चालला.

मुलगा तिकडे नोकरीला. सुनेच्या बाळंतपणाला ताई, म्हणजे साडूंची बायको, आधीच गेल्या होत्या आणि तिकडच्या नातवात अडकल्या त्या अडकल्याच. मुलानं साडूंचेही कागद केले. आता परत यायचं ते पाहुणे म्हणून, एवढं ठरलं. मला ही बातमी कळली तेव्हा मी असा भडकलो की आमच्या घरातली मांजर तीन दिवस शेजारी राहिली. अरे, ज्या माणसानं जन्मभर कोणाचं ऐकलं नाही, सूर्याचं नाही, एसटीचं नाही, सरपंचाचं नाही, त्यानं पोराच्या एका 'या ना बाबा'वर बॅग भरावी? मी त्यांना तसं विचारलंही. साडू म्हणाले, की तुमाले काय जाते? मी म्हटलं, मला काहीच जात नाही, तुम्ही जाता. त्यावर आम्ही इतके भांडलो की वाटेवरच्या दोन मोटारसायकली आम्हाला सोडवायला थांबल्या आणि भांडण नात्यातलं आहे असं कळल्यावर ऐकायला थांबल्या.

मुलानं फोनवर तिकडच्या घराचं कौतुक सांगितलं होतं. त्यात एक गोष्ट साडूंच्या मनात काट्यासारखी रुतून बसली. घराच्या छताला म्हणे एक यंत्र असतं. घरात जरा धूर झाला, मिरची तळली तरी ते बोंबलतं. अंगणात जाळ करायचा तरी शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो. साडू मला म्हणाले, "म्हंजे पाहा साडूभाऊ, त्या घरात माह्या आंधीच एक जण ओरडायले ठेवून देल्ला आहे." ते हसले नाहीत. मी हसलो, आणि मग मीही थांबलो.

निघायच्या आधी जुन्या दोस्तांना बोलावून जेवू घालायचं, हे त्यांनी ठरवलं. आमंत्रणंसुद्धा त्यांनी धमकीसारखी दिली. जिनाच्या काट्यावर कापूस मोजणारा एक जुना सोबती होता, तो आता जळगावला लेकीकडे राहतो. एक वकील बुलढाण्याचा. एक डॉक्टर हिवरा आश्रमाकडचा. हे तिघंही सकाळीच येऊन दाखल झाले. काटेवाल्याला कवळी, वकिलाला साखर, डॉक्टरला रक्तदाब. तिघांत मिळून एक धड जेवणारा माणूस निघाला असता तरी नशीब. आल्या आल्या साडूंनी तिघांना अंगणात उभं करून विचारलं, की इतके म्हातारे व्हायची घाई कोणाले झाली होती? काटेवाला म्हणाला, "फोरमन, तू ओरडला ना, मले वाटलं जिनातली पाळी सुरू झाली. मी शर्ट खोसून घेतला पाह्य." आणि खरंच, त्यानं शर्ट खोचलेला होता.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग माझी बायको मधे पडली.

आमच्याकडे सासरी निघालेल्या लेकीला त्या दिवशी कोणी कामाला लावत नाही. तिनं चुलीला हात लावायचा नाही, वाढायचं नाही, बसून खायचं, आणि सगळ्यांनी तिला वाढायचं. बायकोनं हा कायदा साडूंना लावला. जो निघाला त्यानं आपल्या निरोपाच्या जेवणात जगऱ्यापाशी जायचं नाही. साडू उडालेच. मी काय सासरी चाललो काय, असं त्यांनी गोठ्यातल्या बैलालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

बायको शांतपणे म्हणाली, "सुनेच्या राज्यात चालले ना भाऊजी? मंग सासरच झालं ते. बसा खुर्चीवर."

 साडू निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, म्हणजे खुर्चीला त्यांनी शिक्षा दिली. आणि जगरा लावायचं काम आलं माझ्यावर. वाचकहो, मी ते काम नाकारायला हवं होतं. पण एकीकडे बायको, दुसरीकडे साडू, असा माणूस नाकारणार कोणाला?

मी गोठ्यामागे कणीक मळायला बसलो तेव्हा वकील हळूच आला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, की रोडगे बिघडव. पार करपव, नाहीतर कच्चे ठेव. आपल्याशिवाय इथं अडते हे डोळ्यानं पाहील तर फोरमन जायचा नाही, आणि गेला तरी ताठ मानेनं जाईल. मागोमाग डॉक्टर आला. त्याचं उलट. तो म्हणाला, की रोडगे असे कर की त्याचा जीव भांड्यात पडला पाह्यजे, मागं काही अडत नाही असं पाहून मोकळा होऊन जाऊ दे त्याले. मग दोघंच माझ्या कणकेच्या परातीवर भांडायला लागले. एकानं कायदा काढला, दुसऱ्यानं रक्तदाब काढला. मी दोघांनाही हाकललं. मला कोणाचाच सल्ला नको होता. माझं ठरलं होतं. मी रोडगे बिघडवणार होतो. ताठ मान वगैरे वकिलाची. मला एवढंच हवं होतं, की माणसानं तो पहिला कच्चा घास तोंडात घालावा, थुंकावा, बॅग फेकावी आणि म्हणावं, की या गाढवांच्या हाती गाव सोडून जाता येत नाही. राग आला होता मला. रागात माणूस रोडग्याशीही बेइमान होतो.

मी गोवऱ्या वाटेल तशा रचल्या. पेटवल्या. जाळ अजून हातभर उंच आहे तोच रोडगे आत टाकायला उचलले. जाळात रोडगा टाकला की वरून कोळसा आणि आतून चिखल, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मागून खुर्ची कण्हली आणि गर्जना आली, "जाळ उतरू द्या ना बाप्पा! रोडगे भाजून राह्यले का होळी करून राह्यले?"

माझा हात थांबला. मी थांबवला नाही, तो आपोआप थांबला. इतकी वर्षं त्या आवाजाला घाबरलेला हात तो. मालकाचं ऐकेल का? मी मनात म्हणालो, बिघडव. हात म्हणाला, साडू ओरडून राह्यले. जाळ उतरला. मग मागून आलं, की कडेच्या गोवऱ्या मधे घ्या. हातानं घेतल्या. मी रोडगे उलटायचे मुद्दाम विसरलो, आवाज आला, हातानं उलटले. असा मी संबंध दुपार माझ्याच हातांशी भांडत होतो आणि दरवेळी हरत होतो. शेवटी राख झटकून रोडगे पाटीत आले तेव्हा ते असे खरपूस, असे तांबूस फुटलेले, की मला त्यांच्याकडे पाहवेना. पाजी कुठले.

साडूंनी खुर्चीतूनच हात पुढे केला. मी एक रोडगा दिला. त्यांनी तो कानापाशी नेऊन बोटाच्या पेरानं वाजवला.  वकील आणि डॉक्टर दोघंही पुढे सरकले. साडूंनी रोडगा फोडला, वाफ निघाली, आतला एक पदर सुटा करून तोंडात टाकला. मग म्हणाले, "बरे झाले."

एवढंच, आणि तेही हळू. त्या माणसाचा हळू आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. तो तसाच होता, जसा बंद पडलेल्या जिनात उभं राहिल्यावर येतो म्हणे, कानात नुसता कापूस. डॉक्टरचा चेहरा पडला. त्याला हवं होतं तेच झालं होतं, तरी पडला. साडू मांडीवर हात ठेवून समोर पाहत बसले, दुसऱ्याच्या ओट्यावर बसलेल्या पाहुण्यासारखे. मला स्वतःच्या दोन्ही हातांना कोंडून घालावंसं वाटलं.

पंगत बसली. तिघं दोस्त, आजूबाजूची चार घरं, आम्ही. बायको वाढत होती, मी तूप फिरवत होतो. वरण चांगलं, भाजी झणझणीत, तूप हवं तेवढं. आणि काय सांगू, कोणी जेवेचना. प्रत्येकानं एक रोडगा खाल्ला आणि हात आखडला. काटेवाला म्हणाला, झालं बाप्पा. वकील म्हणाला, साखर. डॉक्टरनं ताटावर हात आडवा धरला. बायको 'घ्या ना हो' म्हणत गेली, लोकांनी गोड हसून मान हलवली आणि ती पुढे सरकली. शिस्तीत, सभ्यपणे, एखाद्या शहरातल्या लग्नासारखी ती पंगत उठायच्या बेताला आली. पाटीत रोडग्यांचा ढीग तसाच. मी तो पाहत उभा राहिलो आणि माझं डोकं पुन्हा भणभणायला लागलं: एवढा छळ सोसून केलेले रोडगे, आणि यांना भूक नाही?

खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला.

साडू उठले होते. बायको म्हणाली, भाऊजी बसा, तुमी उठायचं नसते. ते म्हणाले, कायचं बसतो. त्यांनी माझ्या हातातली पाटी हिसकली, पहिल्यांदा काटेवाल्यापाशी गेले आणि त्याच्या ताटात दोन रोडगे आपटले.

"काऊन बे, माही तेरवी जेवून राह्यला काय तू? मी जित्ता आहो अजून. खाय!"

काटेवाला म्हणाला, की कवळी दुखते. साडू म्हणाले, की काढून खिशात ठेव आणि वरणात चुर. त्यानं कवळी काढली, खिशात ठेवली आणि चुरलं. वकिलाला ते म्हणाले, की जन्मभर दुसऱ्याचं खाल्लं तेव्हा साखर कुठं गेली होती. डॉक्टरचा आडवा हात त्यांनी उचलून बाजूला ठेवला, जसा ताटाखालचा पाट सरकवावा, आणि वर तुपाची धार धरली. शेजारची म्हातारी पदरात तोंड लपवून हसत होती, तिच्या ताटात न विचारता एक पडला. मला ते म्हणाले, "साडूभाऊ, तुमी पण बसा. इतके चांगले रोडगे करून ठेवले, आता उभे राहून का पहारा देता?" मग काय पंगत झाली ती! माणसं शिव्या खात होती आणि रोडगे खात होती, कोणतं आधी संपतं ते कळत नव्हतं. वरणाचं पातेलं पुसून काढावं लागलं. काटेवाल्यानं पाचवा घेतला तेव्हा डॉक्टरनं डोळे मिटले आणि स्वतःही एक मागून घेतला. बायको दारात उभी राहून पाहत होती. तिनं लेकीचा कायदा पुन्हा काढला नाही.

शेवटी पाटी रिकामी झाली. साडूंनी ती उलटी करून सगळ्यांना दाखवली. घामानं निथळत होते, आणि पुन्हा पहिल्यासारखे चिडलेले दिसत होते, म्हणजे ठीक दिसत होते. गावात जगरा लावणारा मिळेल, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पण जेवणाऱ्याला जेवायला लावणारा?  दोन दिवसांनी ते गेले. गाडीत बसताना माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, की घराची कौलं पाहत जाजा. मी रागातच हो म्हणालो.

परवा महादेवाच्या देवळात भंडारा झाला. जगरा मीच लावला. आता लावावाच लागतो. रोडगे छान झाले. वाढायला मीही आवाज चढवून पाहिला. एकाला म्हणालो, काऊन बे, चिमणीवानी खाऊन राह्यला? तो म्हणाला, "काका, तुमाले बरं नाही काय?" आणि काळजीनं पाणी आणून दिलं. राग प्रत्येकाला येतो, पण सगळ्यांच्या रागानं भूक लागत नाही.

भांडी घासणं चालू होतं तेव्हा साडूंचा फोन आला. तिकडे सकाळ होती, बर्फ होता, नातू झोपलेला होता. त्यांनी विचारलं, जगरा कोणी लावला? मी म्हटलं, मी. रोडगे किती उरले? मी म्हटलं, एकही नाही, सगळे गेले. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो.  ते म्हणाले, "हाव काय. मंग बरं आहे." नातू उठू नये म्हणून बोलावं तसे, अगदी खाली. तो आवाज मला सहन झाला नाही. मी पुन्हा भडकलो, देवावर, कॅनडावर, कोणावर ते माहीत नाही.

मी म्हटलं, "खोटं सांगितलं भाऊ. पाटीभर उरले. लोक एक-एक खाऊन उठले, मी नुसता पाहत राह्यलो."

 आणि मग तिकडून, समुद्राच्या पलीकडून, बर्फाला तडे जातील असा त्यांचा जुना आवाज आला. की तुमाले वाढता येत नाही तर रोडगे कायले करता, लोकांपुढं लाजता काय, माणसाले धरून बसवावं लागते, साडूभाऊ तुमी नवरीवानी वाढत असान. मागे नातू रडायला लागला, ताईंचा आवाज आला, तरी ते थांबेनात. देवळाच्या पायरीवर माझ्याभोवती तीन-चार जण गोळा झाले, ते सगळे ऐकत होते आणि त्यातला एक उरलेल्या रोडग्यांच्या पाटीकडे पाहत होता. मी फोन कानाला घट्ट लावून बसलो होतो आणि मधे मधे, त्यांना दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून, एवढंच म्हणत होतो: हाव भाऊ. बोला. मी ऐकून राह्यलो.